आधी ऐका, मग बटण दाबा : वसंतातल्या मुंबईचे छायाचित्रण

मुंबईत छायाचित्रण शिकायला सुरुवात कधी करावी, असे कोणी विचारले की मी दक्षिण मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव ते गुढीपाडवा हा काळ सुचवते. महोत्सव जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी भरतो, तर पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात येतो. या दीड-दोन महिन्यांत पावसाचे भय नसते, उकाडा अजून अंगावर आलेला नसतो, उघड्या रंगमंचांवर गाणे-बजावणे चालू असते, रस्त्यावरून मिरवणुका निघतात आणि शहरातली झाडे फुललेली असतात. यातले बहुतेक सारे पाहायला पैसे पडत नाहीत, ही नवख्याच्या दृष्टीने आणखी एक मोठी सोय आहे.

या लेखात जी पद्धत सांगणार आहे तिचा गाभा एकच आहे. वादन, खेळ, मिरवणूक, इतकेच काय झाडाचा फुलोरासुद्धा, या सगळ्याला एक क्रम असतो आणि तो क्रम ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचा क्षण कोणता येणार हे थोडे आधी कळते. कॅमेऱ्याचे तंत्र महिन्याभरात अंगवळणी पडते, परंतु सम (तालाची पहिली मात्रा) कधी येणार, ताशाची तर्री (काड्यांचा सलग जलद कडकडाट) संपून ढोल कधी पडणार, हे कान देऊन ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी पहिली दहा मिनिटे कॅमेरा गळ्यात अडकवून नुसते ऐकायचे आणि पाहायचे, हा नियम सुरुवातीपासूनच पाळावा.

घरून निघण्यापूर्वी

महागडे साहित्य घेण्याची घाई करू नये. भिंग बदलता येणारा कोणताही जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचे एफ १.८ छिद्राचे (आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) स्वस्त भिंग एवढ्यावर रात्रीच्या मंचाची आणि पाडव्याच्या मिरवणुकीची, अशी दोन्ही कामे होतात. केवळ फोन असेल तरी अडत नाही. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड बांधले जातात. त्यानंतर बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करावा. बोटांनी पडदा ताणून चित्र मोठे करण्याऐवजी चार पावले पुढे जावे, आणि वादक हलत असताना रात्रीच्या छायाचित्रणाची सोय बंद ठेवावी, कारण ती अनेक चित्रे एकावर एक जोडते आणि हलणारा हात पुसून टाकते. फोनचे भिंग घामट बोटांनी सतत माखत असते, ते रुमालाने पुसणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

कॅमेरा असल्यास चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या स्वरूपात साठवावीत. मंचावरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशात बिघडलेला त्वचेचा रंग नंतर काही अंशी सावरता येतो, तो रॉमुळेच. भरलेल्या दोन बॅटऱ्या, रिकामे कार्ड, पाण्याची बाटली, कॅमेऱ्यावर ओढता येईल अशी प्लॅस्टिकची पिशवी आणि कानात घालायचे बोळे एवढे सामान पुरते. बोळे विसरू नयेत. ढोल-ताशा पथकासमोर दोन तास उभे राहिल्यावर कान रात्रीपर्यंत गुणगुणत राहतात, आणि ती कानांना झालेल्या इजेची खूण असते.

एक सवय मात्र मी चूक करूनच शिकले. एका वर्षी रात्रीच्या मैफलीसाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ६४०० वर नेऊन ठेवला आणि तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, तीन गाड्या बदलून पळसापाशी पोहोचले आणि सोनेरी उन्हातली साठ-सत्तर चित्रे भरड, दाणेदार करून घरी आणली. तेव्हापासून कॅमेरा पिशवीत ठेवण्याआधी मी सगळ्या चकत्या (डायल) मूळ जागी आणते.

पहिली पायरी : मंचासमोर

काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो आणि नऊ दिवस चालतो. संगीत-नृत्याचे कार्यक्रम कधी एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, कधी क्रॉस मैदानात झाले आहेत, त्यामुळे त्या वर्षीची जागा आणि वेळ आधी पाहून घ्यावी. शनिवार-रविवारच्या गर्दीत नवख्याचा जीव गुदमरतो. मधल्या वाराला संध्याकाळी पाचच्या सुमारास पोहोचले तर मंचाच्या एका कडेला जागा मिळते आणि आवाजाची चाचणी चालू असताना प्रकाश कोठून पडतो, हेही पाहता येते. परिसरात फिरताना एक खबरदारी घ्यावी. लायन गेटच्या बाजूला नौदलाची गोदी आहे आणि तिकडे कॅमेरा रोखू नये.

मंचावरच्या प्रकाशाला कॅमेरा हमखास फसतो. मागची काळोखी पार्श्वभूमी पाहून तो चित्र उजळ करू लागतो आणि गायकाचा चेहरा पांढराफटक पडतो. उजेड एक घर (एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने) कमी करावा किंवा मोजमाप केवळ चेहऱ्यावरच्या बिंदूवर घ्यावे. शटरचा वेग गायकासाठी १/२०० सेकंद आणि ड्रम वाजवणाऱ्यासाठी १/३२० पासून पुढे ठेवून, आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत जाऊ द्यावा. दाणेदार चित्र चालते, हललेला चेहरा चालत नाही. चित्रात आडवे पट्टे दिसू लागले तर तो दिव्यांच्या लुकलुकण्याचा परिणाम असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, त्यामुळे १/१०० किंवा १/५० वेगावर पट्टे बहुधा जातात. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास हा त्रास वाढतो, म्हणून अशा दिव्यांखाली यांत्रिक शटर बरे. फ्लॅश कोणत्याही परिस्थितीत लावू नये.

गायकाने ध्वनिक्षेपक उजव्या हातात धरला असेल तर आपण त्याच्या डाव्या बाजूला उभे राहावे, म्हणजे हात आणि ध्वनिक्षेपक चेहऱ्यावर येत नाहीत. ओळ संपली की गायक श्वास घेण्यासाठी किंचित मागे सरतो आणि चेहरा मोकळा होतो. तो क्षण प्रत्येक कडव्यात त्याच जागी येतो, म्हणून पहिले कडवे ऐकावे आणि दुसऱ्यात चित्र घ्यावे.

रागसंगीताच्या मैफलीत हे तत्त्व सर्वांत सुंदर रीतीने कळते. तीनतालाच्या १६ मात्रा असतात. पहिलीवर सम आणि नववीवर काल, ज्याला खालीही म्हणतात. गायिका तानेवरून समेकडे येऊ लागली की तबलजीची मान वर होते, दोघांची नजर एकमेकांना भेटते आणि सम पडताच दोघांच्याही चेहऱ्यावर क्षणभर समाधान पसरते. चित्र तेथे आहे. विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, सहज पाऊण मिनिटाचे असते, म्हणजे एक सम हुकली तरी जागा, चौकट आणि फोकस ठीक करून पुढच्या समेची वाट पाहण्याइतका अवधी मिळतो. ज्याला ताल मोजता येत नाही त्याने तबलजीच्या पाठीमागे बसलेल्या श्रोत्यांकडे पाहावे. त्यातला एखादा जाणकार मांडीवर हाताने ताल धरून बसलेला असतोच, आणि त्याचा तळवा उताणा पडला की काल आला असे समजावे.

बैठकीच्या मैफलीत आयोजकांची परवानगी आधी घ्यावी, आलापीच्या वेळी बटण दाबू नये आणि रसिकांच्या रांगांमधून उठ-बस करू नये. तंबोरे जुळवले जात असताना दोन-तीन चित्रे घेऊन उजेड पक्का केला की पुढे हातघाई होत नाही. वसंत ऋतूत बसंत आणि बहार हे राग कोणत्याही प्रहरी गाण्याची मोकळीक आहे, असे मानतात; त्यामुळे या दिवसांतल्या सकाळच्या मैफलीतही ते कानावर पडू शकतात.

दुसरी पायरी : गल्लीतला कलावंत

महोत्सवातला कलावंत प्रेक्षक आणि कॅमेरे गृहीत धरूनच उभा असतो. गल्लीत येणाऱ्या पोतराजाचे तसे नसते. त्याचे येणे हा देवीचा फेरा असतो आणि घरच्या चुलीचा प्रश्नही असतो. उपनगरांतल्या जुन्या वस्त्यांत, बहुधा मंगळवारी किंवा शुक्रवारी, तो दिसण्याआधी त्याच्या ढोलक्याचा आवाज येतो. वाकड्या काठीने कातड्यावर घासून काढलेला तो गुबूगुबू आवाज दोन गल्ल्या अलीकडे ऐकू येतो, आणि छायाचित्रकाराला तयारीसाठी एवढा वेळ भरपूर असतो. सोबतची बाई डोक्यावरचा मरीआईचा देव्हारा खाली उतरवते, ढोलके सुरू होते, रंगीत चिंध्यांचा घोळदार घागरा नेसलेला पोतराज पायातल्या घुंगरांवर ठेका धरतो आणि मग आसूड हातात घेतो.

येथे कॅमेरा उचलण्यापूर्वी पूर्ण फेरा उभ्याने पाहावा, ओंजळीत द्यायचे ते द्यावे, चित्र काढायचे असो वा नसो, आणि त्यानंतर ‘फोटो काढू का?’ असे सरळ विचारावे. नकार आला तर वाद घालू नये. होकार आला तर आसूड हवेत पूर्ण वळला असतानाचे चित्र १/१००० वेगाने घ्यावे. तो अंगावर पडतानाचे चित्र मी घेत नाही, हा माझा स्वतःपुरता निर्णय आहे. माझ्या संग्रहातले पोतराजाचे सर्वांत चांगले चित्र खेळ संपल्यानंतरचे आहे. एका चाळीच्या पायरीवर बसून तो मळवट पुसत होता आणि कपाळावरचे कुंकू घामात विरघळून भुवईपर्यंत उतरले होते.

डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणारे मूल दिसले तर कॅमेरा बाहेर काढू नये. मुलांची चित्रे अन्यत्रही आई-वडिलांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि घेतलेली कोठे टाकू नयेत.

तिसरी पायरी : पाडव्याची शोभायात्रा

डोंबिवली, ठाणे आणि गिरगाव येथल्या शोभायात्रा प्रसिद्ध आहेत. नवख्याला मी गिरगाव सुचवते, कारण तेथे मिरवणुकीइतकीच मागची घरेही बोलकी आहेत. लाकडी सज्ज्यांच्या जुन्या चाळी, सज्ज्यांतून खाली वाकलेली माणसे आणि खिडक्यांबाहेर उभारलेल्या गुढ्या, असा पडदा मुंबईत अन्यत्र सहसा मिळत नाही.

आदल्या दिवशी सकाळी चर्नी रोडला उतरून ठाकुरद्वारपर्यंतचा रस्ता चालून पाहावा आणि ऊन कोणत्या वळणावर किती वाजता उतरते हे टिपून ठेवावे. या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, परंतु दुतर्फा इमारती असल्यामुळे रस्त्यावर ऊन पडायला वेळ लागतो. नऊच्या सुमारास ते तिरपे येते आणि फेटे, नऊवारीचे काठ, नथीचे मोती त्यात खुलतात. साडेदहानंतर सूर्य इतका वर चढतो की फेट्याची सावली डोळ्यांवर पडते आणि चेहरे काळवंडतात. म्हणून पाडव्याला सात वाजताच पोहोचावे. पहिला तास गुढ्यांसाठी द्यावा. काठीच्या टोकाला जरीचे वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी आणि वर पालथा तांब्या असतो. गुढी खालून टिपल्यास मागे उजळ आकाश येते आणि वस्त्र काळे पडते, त्यामुळे उजेड एक घर वाढवावा किंवा समोरच्या चाळीच्या जिन्यावर, अर्थातच विचारून, चढून तिला समपातळीवर टिपावे. पाडव्याच्या सकाळी बहुतेक घरे आनंदाने दार उघडतात.

ढोल-ताशा पथक हा या दिवसाचा मुख्य विषय आहे आणि त्याचे चित्र बिघडण्याचे मुख्य कारण म्हणजे लोक केवळ ढोलाकडे पाहतात. पथक ताशाच्या मागे चालते. ताशेवाला तर्री धरतो, इशारा करतो, टोल (ठोकून वाजवायची धातूची थाळी) लय बांधून देतो आणि त्यानंतर सगळे ढोल एकदम पडतात. ढोल वाजवणारा एका बाजूला टिपरू (वाजवायची काठी) मारतो आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप देतो. हात डोक्यावर गेल्यानंतर खाली येण्यापूर्वी निमिषभर थांबतो. टिपरू ढोलाच्या पानावर (वाजवायच्या बाजूवर) आदळतानाचे चित्र सपाट येते, हात वर थांबलेला असतानाच्या चित्रात मात्र पुढच्या ठोक्याचे सगळे बळ दिसते. त्यासाठी कान ताशाकडे आणि डोळा ढोलाकडे ठेवावा लागतो. ठेका तीन-चार आवर्तने ऐकून मनात म्हणत राहिले की बोट आपोआप ठोक्याच्या किंचित आधी दाबले जाते. आवाज ऐकून बटण दाबले, तर क्षण निघून गेलेला असतो.

सगळे गोठवायचे असल्यास वेग १/१००० ठेवावा, लेझमीला १/५०० पुरतो. पण सगळीच चित्रे गोठलेली असली तर मिरवणुकीतला नाद हरवतो. ध्वज नाचवणाऱ्याला १/२५ वर टिपावे, म्हणजे भगव्याची लाट कापडासारखी न दिसता वाऱ्यासारखी दिसते आणि ध्वजधारकाचा चेहरा त्याने मान स्थिर ठेवली असल्यास स्वच्छ राहतो. भर उन्हात इतका संथ वेग ठेवायचा तर छिद्र एफ १६ पर्यंत लहान करून आणि आयएसओ १०० वर आणूनही उजेड सुमारे दोन घरे जास्त होतो, म्हणून भिंगापुढे उजेड कमी करणारी राखाडी काच (एनडी फिल्टर) लावावी किंवा सावलीतला भाग निवडावा. फेटा बांधून, नऊवारी नेसून मोटारसायकलवर निघालेल्या स्त्रियांच्या रांगेसाठीही हाच वेग योग्य आहे. कॅमेरा त्यांच्याबरोबर आडवा फिरवत न्यावा आणि बटण दाबल्यानंतरही फिरवणे थांबवू नये. वीस चित्रांतले एक साधते, तेवढे धरून चालावे.

उभे कोठे राहावे, हा प्रश्न तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. पथकाभोवती स्वयंसेवकांनी दोरीचे कडे केलेले असते. पथकप्रमुखाच्या परवानगीशिवाय त्याच्या आत पाऊल टाकू नये. रांगेच्या समोर सरळ उभे राहून मागे मागे चालण्याऐवजी वळणाच्या बाहेरच्या कडेला गुडघा टेकून बसावे. पथक वळताना रांगा तिरप्या होतात, एकामागे एक हात दिसतात, आणि ते आपल्यापाशी स्वतःहून येते. नवखा माणूस मिरवणुकीबरोबर पळत राहतो आणि दुपारपर्यंत पाठमोरी माणसे जमा करतो. एका वळणावर दोन तास थांबणाऱ्याला अर्धे गिरगाव समोरून दिसते.

वादन थांबल्यावर कॅमेरा बंद करू नये. पथकातली मुले-मुली पाणी पितात, ढोलाच्या सैल पडलेल्या दोऱ्या आवळतात आणि बोटांवरची चिकटपट्टी बदलतात. एकदा एका ताशेवाल्या मुलीने माझ्यासमोरच पट्टी सोडली. तर्जनीच्या पेरावर जुना घट्टा होता, त्याच्या शेजारी नवा फोड फुटलेला होता, आणि ती दातांनी नवी पट्टी तोडत दुसऱ्या हाताने गुडघ्यावर पुढचा ठेका वाजवत होती. तिला विचारून घेतलेले त्या दोन हातांचे चित्र मला त्या दिवसाच्या चारशे चित्रांपेक्षा मोलाचे वाटते.

चौथी पायरी : फुलोरा

फुलांच्या चित्रणात घाई नसते असे वाटते, परंतु शहरातला फुलोरा फार थोडे दिवस टिकतो. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या आसपास वसंतराणीची गुलाबी झाडे ओळीने फुलतात. भरधाव महामार्गाच्या कडेला उभे राहण्याचे धाडस कोणीही करू नये, पादचारी पुलावरून किंवा सेवारस्त्यावरून ती अधिक चांगली दिसतात. फेब्रुवारी-मार्चमधले मुंबईचे आकाश धुरकट पांढरे असते आणि त्याच्यासमोर फिकट गुलाबी रंग विरून जातो, म्हणून मागे एखादी सावलीतली इमारत किंवा पुलाचा काँक्रीटचा खांब येईल अशी जागा निवडावी. झाडाखाली उभ्या असलेल्या गाड्यांकडेही पाहावे. पहाटेच्या दवाने ओल्या झालेल्या काचेवर पाकळ्या चिकटलेल्या असतात, आणि वायपर फिरेपर्यंतच त्या तेथे असतात. पदपथावरचा सडाही सफाई कामगारांचा झाडू येण्याआधीच टिपावा लागतो.

पळस, पांगारा आणि काटेसावर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शहराच्या हद्दीतच भेटतात. या फुलांचा लाल-केशरी रंग इतका गडद असतो की कॅमेऱ्याचा लाल रंगाचा आलेख (हिस्टोग्राम) उजव्या कडेला आपटतो आणि पाकळ्यांवरच्या शिरा नाहीशा होतात. उजेड दोन-तृतीयांश घर कमी ठेवून तिन्ही रंगांचे आलेख वेगळे तपासावेत. पळसाच्या फुलाचा काळपट मखमली देठ सकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतो. मधासाठी बुलबुल, साळुंक्या आणि शिंजीर येतात, आणि त्यांचाही एक ठरावीक फेरा असतो. पक्षी ज्या फांदीवर एकदा बसला तेथे तो पुन्हा येतो, म्हणून त्याच्यामागे भिंग फिरवण्यापेक्षा फांदीवर फोकस बांधून वाट पाहावी. कोकीळ मात्र ऐकू जितका येतो तितका दिसत नाही.

गर्दी नको असणाऱ्यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावे. १८६२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेत लाल-पिवळ्या घोसांचे उर्वशी नावाचे झाड आहे. त्याचे घोस खाली लोंबतात, त्यामुळे जमिनीवर बसून वर पाहत टिपावे लागते. ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये चौकातून हलवला गेल्यापासून याच बागेत आहे. चौकात आज दिसणारा स्वार नसलेला घोडा २०१७ मधला आहे. बाग साधारणपणे बुधवारी बंद असते.

आणि काहीच जमले नाही तर घराजवळचा पिंपळ पाहावा. मार्चमध्ये त्याला तांबूस-गुलाबी पालवी फुटते आणि आठवड्याभरात ती हिरवी होते. सूर्य पानांच्या मागे राहील असे उभे राहावे, म्हणजे प्रत्येक पान आतून उजळते आणि शिरांची जाळी मोजता येईल इतकी स्पष्ट दिसते.

घरी आल्यावर

जागेवर उभे राहून चित्रे पुसू नयेत, तेवढ्यात समोरचा क्षण निघून जातो. घरी आल्यावर त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती करून ठेवाव्यात, मात्र निवड दोन-तीन दिवसांनी करावी, कारण थकलेला डोळा मेहनतीला भुलतो. चारशेंतून बारा निवडावीत. निवडताना चित्राकडे पाहून कोणता ठेका चालू होता हे आठवते का, ही कसोटी मी लावते. आठवत नसेल तर ते चित्र बहुधा अंदाजाने लागलेले असते. ज्यांची चित्रे घेतली त्यांच्यासाठी त्यांतली दोन-तीन छापून घ्यावीत. पथकांचा सराव गणपतीआधी जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतो, तेव्हा ती नेऊन देता येतात, आणि दोरीच्या कड्याच्या आत उभे राहण्याची परवानगीही तेव्हाच विचारून ठेवता येते.